उभी पेटी आणि काळी जाळी

माझ्या लेकीच्या कॉम्प्युटरला पेटी घ्यायला आम्ही नागपूरच्या बर्डी बाजारात गेलो तेव्हा माझे भासरे बरोबर होते. ते नसते तर ती खरेदी अर्ध्या तासात उरकली असती आणि मला आज आठवलीही नसती.

भासरे म्हणजे नवऱ्याचे मोठे भाऊ. आमच्यात धाकट्या भावाच्या बायकोनं भासऱ्यापुढे डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही आणि त्यांच्याशी समोरासमोर बोलायचं नाही. लग्न होऊन आल्यापासून मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नव्हते. काही सांगायचं असलं तर मी यांना सांगायची, हे त्यांना सांगायचे. ते हातभर अंतरावर बसलेले असले तरी तसंच.

"भाऊले विचारा, भात वाढू का?"

"भाऊ, भात वाढू का म्हणते."

"वाढ म्हणा."

मग मी वाढायची. यात कोणालाच काही वावगं वाटत नव्हतं, मलाही नाही. मी मुळातच अबोल. चौथीपर्यंत शाळेत गेले तेवढ्यात बाईंनी मला उभं करून काही विचारलं तर मी पाटीच्या कडा पुसत राहायची. पदराआड राहायला मिळतं याचं मला बरंच वाटायचं.

ही ऐंशीच्या पुढची गोष्ट, नव्वद साल अजून यायचं होतं. माझी लेक दिवाळीला माहेरी आली होती आणि परत गेली नव्हती. तिचा एक कान सुजलेला होता. कशानं सुजला ते तिनं पहिल्या दिवशी सांगितलं नाही. न्हाऊ घालताना मी पाठ पाहिली, मग विचारायची गरज उरली नाही. ते लग्न भासऱ्यांनी जुळवलं होतं. कळमेश्वरकडचं घर, वावर आहे, विहीर आहे, एकुलता एक मुलगा. त्यांनी तिच्या सासऱ्याला शब्द दिला होता आणि आता सासऱ्याचे निरोपावर निरोप येत होते. भासरे काही दुष्ट नव्हते. ते कुहीकडे राहायचे, तिथं त्यांची धानाची शेती होती, अधूनमधून नागपूरला आमच्याकडे येऊन मुक्काम करायचे, घरातल्या सगळ्यांचं त्यांनी पाहिलं होतं, यांची नोकरीसुद्धा त्यांच्याच खटपटीनं लागली होती. त्यांचं म्हणणं एवढंच, की भांड्याला भांडं लागतंच, पोरगी घरी बसली की चार वर्षांनी तिला कोणी विचारत नाही.

लग्नाआधी लेक एका क्लासमध्ये कॉम्प्युटर शिकली होती आणि तिथंच शिकवतही होती. माहेरी राहिल्यावर ती पुन्हा तिथं जाऊ लागली. पण क्लासचे मालक नागपूर सोडून मुलाकडे निघाले. जाताना त्यांनी एक जुनं मशीन तिला देऊन टाकलं. पावसाळ्यात त्यांचं छत गळालं होतं, त्यामुळे मशीनच्या पेटीचा पत्रा गंजून पापुद्रे सुटत होते, पण आतलं सामान चांगलं होतं. टीव्हीसारखा स्क्रीन आणि छापायचं यंत्रही त्यासोबत मिळालं. फक्त पेटी नवी घ्यायची होती. पेटीला ते लोक कॅबिनेट म्हणत.

मशीन चालू झालं तर घरी बसून मराठी मजकूर छापून देता येईल, असं तिच्या मनात होतं. एका छापखान्याच्या मालकांशी ती बोलून आली. ते म्हणाले, सोमवारी घरी येऊन पाहतो, काम नीट दिसलं तर देतो.

भासऱ्यांनी ते ऐकून घेतलं. "त्यानं काम देलं त राहू दे पोट्टीले. मी सासऱ्याले समजावतो. नाही देलं त सोमवारीच चार वाजताच्या यष्टीनं मी तिले नेऊन घालतो. मंग कोणी रडायचं नाही."

लेक "हाव, मोठे बाबा" म्हणाली. हे खाली पाहत राहिले. मी स्वयंपाकघराच्या दाराआड होते.

तर बर्डीवरच्या दुकानात दोन कॅबिनेटं समोर ठेवलेली. एक आडवं, चपटं, लहान ट्रंकेसारखं. दुसरं उभं, माझ्या मांडीपर्यंत येईल एवढं. दुकानदार हिंदी बोलणारा, हसतमुख माणूस होता.

"ये छोटा टेबल पे लेट जाएगा, इसके ऊपर स्क्रीन रख दो. बडा वाला नीचे खडा रहेगा, पहरेदार के माफिक."

भासऱ्यांनी दोन्हींवर बोटाच्या पेरानं ठोकून पाहिलं. धानाची कोठी घेताना ते असंच ठोकतात. उभ्याचा आवाज त्यांना आवडला हे दिसत होतं, पण ते म्हणाले, "लहान घ्या. नेता-आणता येते. उद्या सासरी गेली त संगं नेईन पोट्टी. हे धूड यष्टीच्या टपावर कोण चढवन?"

लेक लगेच म्हणाली, "मोठे बाबा, मराठी अक्षराचं कार्ड लांब आहे. लहान्यात नाही बसत ते."

"काहून नाही बसत? बसवलं त बसते."

"कापा लागन मंग."

"त काप."

दुकानदार हसायला लागला. "दादाजी, कार्ड काटोगे तो मराठी आधी रह जाएगी."

लेक हसली नाही. तिचा हात त्या उभ्या पेटीवर होता. मला कार्डाचं काही कळत नव्हतं, पण इथं कार्डावरून वाद चाललेला नाही, एवढं कळत होतं. लहान पेटी म्हणजे उचलून नेता येईल असं बिऱ्हाड. मोठी आणली की ती इथंच राहणार. ती कोपऱ्यात उभी राहील, तिच्यासाठी जागा करावी लागेल, आणि जागा केली की तिच्यासमोर बसणारीचीही होईल. भासऱ्यांनाही ते कळत होतं. म्हणूनच ते हटत नव्हते.

मी यांच्या बाहीला हळूच ओढलं. "मोठी घ्या म्हणा."

हे घुटमळले. मग म्हणाले, "भाऊ, मोठी घ्या म्हणते."

"तिले काय समजते त्यातलं?"

यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पदर थोडा पुढे ओढून म्हटलं, "काही नाही समजत म्हणा. पण अर्धी मराठी कोणी छापून घेईन का, विचारा."

यांना ते पुन्हा सांगायची गरज पडली नाही. भासरे मिशीतल्या मिशीत हसले. दुकानदारानं टेबलावर थाप मारली. भासऱ्यांनी पुन्हा एकदा उभ्या पेटीवर ठोकलं आणि म्हणाले, "घ्या मोठी. पण मी बोललो ते ध्यानात ठेवजा. सोमवारी तो माणूस नाही म्हणाला, त हे इथं राहीन आन् पोट्टी माया संगं येईन."

मग स्क्रीनच्या वस्तू पाहिल्या. लेकीच्या डोळ्यांना त्या उजेडानं पाणी यायचं. दुकानदारानं काळ्या चौकटीत ताणलेली एक बारीक जाळी काढली. ती स्क्रीनच्या पुढ्यात टांगायची, म्हणजे उजेडाचा त्रास होत नाही. त्यानं ती माझ्या हातात दिली. मी तिच्यातून दुकानाबाहेर पाहिलं. डोळ्यांवर पदर ओढल्यावर रस्ता दिसतो तसा दिसला, मऊ, पण सगळा स्पष्ट. मी यांना म्हटलं, ही घेऊच. स्क्रीनखाली ठेवायचा एक फिरता स्टँडही घेतला. भासऱ्यांनी तो हातानं फिरवून पाहिला.

"हे काहून मान हालवून राहिलं?"

"पाह्यणाऱ्याकडे वळवता येते, मोठे बाबा."

"मंग माणसापेक्षा बरं," ते म्हणाले.

रविवारी सकाळी जुनी पेटी उघडली. लेकीनं चटईवर धुतलेली चादर अंथरली आणि आतलं एकेक सामान काढून ठेवलं. भासरे बाजेवर बसून अडकित्त्यानं सुपारी कातरत होते. हे स्क्रू एका वाटीत जमा करत होते. मी स्वयंपाकघर आणि बाहेरची खोली यांच्या मधल्या उंबऱ्यावर बसले होते, अर्धी आत, अर्धी बाहेर. लेकीनं मला जाळी लावायचं काम दिलं. स्क्रीनच्या डोक्यावर दोन चिकटपट्ट्या लावायच्या आणि त्यांच्या आकड्यांत चौकट अडकवायची. भासऱ्यांकडे पाठ करून मी ते केलं. पहिल्यांदा वाकडी बसली. पट्टी सोलून पुन्हा लावली, तेव्हा सरळ झाली.

मग सगळे भाग जिच्यावर खोचतात ती हिरवी पाटी नव्या पेटीत बसवणं सुरू झालं. लेकीचा अंगठा पत्र्याच्या कडेनं कापला. तिनं तो तोंडात धरला आणि दुसऱ्या हातानं काम चालू ठेवलं. दुपार झाली, कोणी जेवायचं नाव काढेना. शेवटी तिनं बटण दाबलं. पेटीतला पंखा गरगरला. स्क्रीन काळा तो काळाच.

सुपारीचा आवाज थांबला.

"मेलं का?" भासरे म्हणाले.

लेकीनं बटण बंद केलं. पुन्हा दाबलं. पंखा फिरला, बाकी काही नाही. तिच्या कपाळावर घाम आला होता. माघाची थंडी होती, आम्ही सगळे स्वेटर घालून बसलो होतो.

"अवं, नसन होत त राहू दे. डोळे फोडू नको," भासरे मायेनं म्हणाले. त्या मायेचीच मला भीती वाटली. ते चिडले असते तर सोपं होतं.

लेकीनं सगळे स्क्रू पुन्हा काढले. एकेक वायर उपसून पुन्हा खोचली. ते लांब कार्ड एका टोकाला केसभर वर राहिलं होतं. तिनं कापलेल्या अंगठ्यानंच ते खाली दाबलं. खट् असं वाजलं. या वेळी बटण दाबल्यावर जाळीमागं हिरवी अक्षरं उमटली. आधी इंग्रजी, मग थोड्या वेळानं मराठी. तिनं टाइप केलं, "आई". मी वाचलं. भासऱ्यांनी चष्मा लावून जवळ येऊन पाहिलं. "हिरवं काहून आहे?" एवढंच म्हणाले आणि परत बाजेवर गेले. पण रात्री जेवताना त्यांनी एक पोळी जास्त मागून घेतली, यांच्यामार्फत.

सोमवारी सकाळी मी चुलीपाशी होते. बाहेर भासऱ्यांचा आवाज आला, "नारळ कुठं ठेवला गा?"

कोणतंही नवं यंत्र घरात आलं की त्याची पूजा केल्याशिवाय भासरे त्यावर काम सुरू करू देत नसत. पंप असो, मळणीयंत्र असो. ते पहाटेच आंघोळ करून तयार झाले होते. लेक न्हाणीत होती. हे धावत बाहेरच्या खोलीत गेले, कारण भासरे नारळ घेऊन उभ्या पेटीजवळ पोचले होते.

"याच्या डोक्यावर फोडतो."

"भाऊ, नको! आत करंट आहे."

"करंट त पंपातही राहते. आजपर्यंत म्या पंपावरच फोडला."

"पंप पाण्याचाच आहे न भाऊ. हे पाण्यानं मरते."

भासऱ्यांना ते पटलं असावं. नारळ उंबऱ्यावर फुटला. मला हायसं वाटलं. मी चहा गाळून कप यांच्या हाती देण्यासाठी दारापर्यंत आले, आणि तिथंच थबकले.

जाळीवर, अगदी मधोमध, तळहाताएवढं स्वस्तिक काढलं होतं. ओल्या कुंकवाचं. चार बोटं हळद खाली, आणि ओल्या कुंकवाला चिकटलेल्या अक्षता. भासऱ्यांनी हात आखडता घेतला नव्हता. जाळीच्या बारीक भोकांत कुंकवाचं पाणी उतरलं होतं आणि कडेनं पसरत होतं. वर झेंडूचा हार. ते दोन पावलं मागं होऊन पाहत होते. असे समाधानी मी त्यांना लेकीच्या लग्नातच पाहिले होते.

"आता कसं घरचं वाटते," ते म्हणाले.

लेक केस पुसत बाहेर आली. तिनं पाहिलं. तिनं ते तसंच राहू दिलं. स्क्रीन तेव्हा बंद होता, म्हणून कदाचित तिला वाटलं असेल की चालू केल्यावर दिसेल. किंवा मोडायला तिचा हात झाला नसेल. मोठ्यांनी मनापासून घातलेली पूजा, आणि तीही त्या दिवशी. तेवढ्यात बाहेर स्कूटर थांबली.

छापखान्याचे मालक पन्नाशीचे, पांढऱ्या सफारीतले, खिशाला छोटं भिंग लावलेले होते. पुणेरी वळणाचं बोलत होते. त्यांनी हार पाहिला, कुंकू पाहिलं, हात जोडले. मग खुर्चीत न बसता लेकीच्या पाठीमागे जाऊन उभे राहिले.

"मी मजकूर बरोबर आणला आहे. माझ्यासमोर जुळवा. आधी करून ठेवलेलं पाहून मला काही कळत नाही."

एका गावच्या शंकरपटाचं हँडबिल होतं. बैलांच्या शर्यतीचं म्हटल्यावर भासरे बाजेवर सरसावून बसले. "कोणतं गाव?" त्यांनी विचारलं. मालकांनी कागद लेकीपुढे ठेवला.

लेकीनं बटण दाबलं. पंखा फिरला, हिरवा उजेड आला. पण मधला सगळा भाग लाल-काळा. कडेला दोन-चार अक्षरं दिसत, मग कुंकवात बुडत, मग पलीकडे पुन्हा निघत. ती टाइप करू लागली. मी दाराच्या फटीतून तिची मान पाहत होते. ती मान उजवीकडे करायची, डावीकडे करायची, कुठून तरी ओळ दिसावी म्हणून. बोटं चालत, थांबत, परत मागे जात.

"बाई," मालक म्हणाले, "या लाल ढगात काय चाललं आहे ते मला दिसत नाही. तुम्हाला दिसतं का?"

लेकीनं ओढणीचं टोक हातात घेतलं आणि जाळीकडे नेलं.

"पुसू नको, पोट्टे," भासरे म्हणाले. "कुंकू आहे ते."

ते जोरात बोलले नव्हते. पण लेकीचा हात तिथंच राहिला. दिवाळीपासून नळावरच्या बायका आधी तिच्या कपाळाकडे पाहायच्या, मग तोंडाकडे. तिनं एक दिवसही कपाळ रिकामं ठेवलं नव्हतं. भासऱ्यांनी ते ठरवून म्हटलं असेल असं मला वाटत नाही. त्यांना फक्त पूजा मोडू द्यायची नव्हती. पण शब्द बाहेर पडला आणि खोलीतल्या प्रत्येकाला तो एकाच ठिकाणी लागला. हे भिंतीकडे पाहू लागले. मालकांनी घड्याळ पाहिलं.

"मला दहा वाजता दुसरीकडे जायचं आहे," ते म्हणाले.

लेकीनं ओढणी सोडली आणि आंधळ्यासारखी टाइप करू लागली. एक ओळ, दुसरी ओळ. मला तिचा चेहरा दिसत नव्हता, पण खांदे दिसत होते. दिवाळीत न्हाऊ घालताना ते असेच वर उचललेले होते.

पुसायचं नव्हतं. पुसायला मलाही हात झाला नसता, खरं सांगते. पण ती जाळी मी टांगली होती.

मी पदर नीट केला आणि दारातून बाहेर आले. बाजेवरून भासरे, खुर्चीमागून परका माणूस, आणि त्यांच्यामधून मी. इतकी वर्षं त्या खोलीत भासरे असताना मी मधून कधी चालले नव्हते, नेहमी भिंतीकडेनं. मी आधी हार काढून पेटीवर ठेवला. मग दोन्ही हातांनी चौकट वर उचलली. आकडे सुटले. जाळी आडवी धरली, आरतीचं ताट धरतात तशी, म्हणजे एकही अक्षत पडायला नको. तशीच ती देवघरात नेली आणि देवासमोर ठेवली. हात जोडले.

मागून मालकांचा आवाज आला, "हां. आता दिसलं."

आणि मग बोटांचा आवाज, न थांबता.

मी देवघरातच बसून राहिले. थोड्या वेळानं छापायचं यंत्र किरकिरू लागलं. कागद फाडल्याचा आवाज झाला. मी उठून दाराशी आले. मालक खिडकीजवळ उभे राहून भिंगातून कागद पाहत होते. वरून खाली, मग पुन्हा वरून.

"वेलांटी तुटते आहे."

"शाईची फीत जुनी आहे, सर. नवी लावली की नाही तुटणार."

"आणि इथं एक ओळ दोनदा आली आहे."

"ती दिसत नव्हतं तेव्हाची आहे."

"हं." त्यांनी कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवली. "माझे जुळारी वीस वर्षांपासून हातानं अक्षरांचे खिळे जुळवताहेत. त्यांना काय सांगू? बघू. कळवतो." चहा त्यांनी उभ्यानंच घेतला. स्कूटर सुरू झाली आणि गेली.

भासऱ्यांनी सुपारी तोंडात टाकली, बराच वेळ चघळली.

"कळवतो म्हणजे नाही," ते म्हणाले. "बाजारात मी पण असंच म्हणतो. बैल घ्यायचा नसला की." मग लेकीकडे वळून, "जा वं पोट्टे. बॅग भर. तुवा त कोशिश केली, कोणी नाही म्हणत नाही. चार वाजता यष्टी आहे."

लेक उठली. ती शब्द मोडणारी नव्हती. तिनं बटण बंद केलं, पंखा थांबेपर्यंत थांबली आणि आतल्या खोलीत गेली. कपाटाचं दार उघडल्याचा आवाज आला. मग साड्या काढल्याचा.

मी यांच्याकडे पाहिलं. हे जमिनीकडे पाहत होते. मी म्हणायला हवं होतं, "भाऊले म्हणा." ते दोन शब्द तोंडात तयार होते, जन्मभराची सवय. पण ते बाहेर येईनात. आतून पुन्हा कपाटाचा आवाज आला.

"ती येत नाही," मी म्हणाले.

आवाज इतका बारीक होता की मला वाटलं कोणाला ऐकू गेला नसेल. पण भासऱ्यांचं चघळणं थांबलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. आमच्यात तेही पाहत नाहीत. ते यांना म्हणाले, "काय म्हणून राहिली ते?"

हे दर वेळी सांगायचे. माझं त्यांना, त्यांचं मला. या वेळी यांनी मान वर केली.

"तुम्हीच ऐकलं न, भाऊ."

भासऱ्यांचा चेहरा लाल झाला. "अरे, म्या शब्द देला तिच्या सासऱ्याले! चार लोकात देला. आता मी तिथं जाऊन काय तोंड दाखवू? काय सांगू?"

ते यांनाच विचारत होते, पण यांनी माझ्याकडे पाहिलं. उत्तर मलाच द्यायचं होतं.

"सांगा, तिच्या मायनं नाही पाठवली," मी म्हणाले. "माय लई वाईट आहे म्हणा. कोणाचं ऐकत नाही म्हणा. जे म्हणायचं ते म्हणा. पण तिचा कान म्या पाह्यला आहे. तिची पाठ म्या पाह्यली आहे. पुन्हा नाही पाहत."

मी दारातच खाली बसले. मला वाटलं आता ते ओरडतील. यांच्याशी नातं तोडायचं बोलतील, वावरातला यांचा हिस्सा नाकारतील, काहीही. आतल्या खोलीतला साड्यांचा आवाजही बंद झाला होता.

भासरे उठले. त्यांनी टोपी घातली. कोपऱ्यातली पिशवी घेतली. पेटीवर पडलेला झेंडूचा हार उचलला, त्याकडे पाहिलं आणि परत तिथंच ठेवला. दाराशी पोचल्यावर ते थांबले.

"पाठीचं मले कोणी नाही सांगितलं," ते म्हणाले.

कोणाला म्हणाले ते कळलं नाही. मग ते गेले. हे त्यांच्यामागे स्टँडपर्यंत गेले, पण यष्टी लागायच्या आधीच माघारी आले.

छापखान्याच्या मालकांचा निरोप आला नाही. लेक दोनदा जाऊन आली, मग गेली नाही. काम मिळालं ते पुढं उन्हाळ्यात, एका शाळेच्या प्रश्नपत्रिकांचं, आणि त्यातही सुरुवातीला फार चुका निघाल्या. ती उभी पेटी कोपऱ्यातून हलली नाही. तिच्या भोवती झाडताना कमरेत वाकावं लागायचं.

भासरे त्या वर्षी पोळ्यालाही आले नाहीत. ते कळमेश्वरकडे मात्र त्याच दिवशी गेले होते. हे आम्हाला फार उशिरा कळलं. तिच्या सासरच्या गावची एक बाई एका लग्नात भेटली, तिच्याकडून. ती म्हणाली, तुमचे भासरे एकटेच यष्टीतून उतरले, सासऱ्याच्या ओट्यावर बसले, पाणीसुद्धा घेतलं नाही. सासऱ्यानं विचारलं, सून कुठं आहे? तर म्हणाले, "तिले म्या ठेवून घेतली. तिच्या मायबापाले काही बोलायचं नाही. बोलायचं त माया संगं बोला."

आपल्या घरात एक बाई आपलं ऐकत नाही हे चार लोकांत सांगवेना म्हणून ते तसं म्हणाले, की दुसऱ्या कशानं, मला माहीत नाही. मी यांना कधी विचारायला लावलं नाही. त्यांच्याशी समोरासमोर मी त्यानंतर पुन्हा बोलले नाही. तसा प्रसंगच आला नाही. पुढच्या वर्षी ते आले, जेवायला बसले, मी पदर सारखा करून यांना म्हटलं, भाऊले विचारा, भात वाढू का. ते म्हणाले, "वाढ म्हणा." आणि थोडं थांबून, "पोट्टीले पण वाढ म्हणा. दिवसभर मशीनवर बसून राह्यते."